कंसातल्या बाई

प्रिय 'रंगसोबती',

पत्र चार पानांचं. त्यातली साडेतीन मुलगा दूर गेला, भाऊ फोन करत नाही, मैत्रिणी आपापल्या संसारात बुडाल्या यावर. उरलेल्या अर्ध्यात, रोज रात्री जलरंगात चित्रं काढता, तेवढा वेळ एकटेपणा जाणवत नाही, असं लिहिलंय. आणि कंसात, जाता जाता: 'खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा म्हणाल्या, चित्रं दाखवा. मी टाळलं.'

मुलाचं, भावाचं राहू द्या. त्यांची बाजू मला ठाऊक नाही, आणि तुमचीही मी घेणार नाही. मला बोलायचंय ते त्या कंसातल्या बाईंबद्दल.

दोनदा विचारलं हो त्यांनी! पहिल्यांदा विचारणं हा शिष्टाचार असू शकतो. नकार पचवून पुन्हा विचारायला मनाचा हिय्या करावा लागतो. आणि तुम्ही दुसऱ्या पानावर लिहिता, 'मला कुणी विचारत नाही.'

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचा दाखला तर पार उलटा दिलात. म्हणे, खोलीत बसून लिहीत राहिली, तिला कुणाची गरज पडली नाही. सुमारे १८०० कविता लिहिल्या आणि हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या, खरंय. पुढे पुढे ती घराबाहेर फारशी पडत नसे, तेही खरं. पण शेकडो कविता तिनं पत्रांतून माणसांना धाडल्या. सुझन या भावजयीलाच अडीचशेच्या आसपास. आणि ही सुझन राहायची कुठे? शेजारच्या घरात! बाई स्वतः जात नसेल, तिचा कागद जात होता.

रंगांनी तुम्हाला तगवलं, यात शंका नाही. ओल्या कागदावर निळा पसरतो, तो वाळेपर्यंत थांबावंच लागतं, त्या थांबण्यात रात्र सरते. कळतं मला. पण 'हे झाड असं का वाकलंय?' असं कागद विचारत नाही. विचारणारं माणूस एक जिना खाली आहे आणि तुम्ही चित्रं पालथी घालून ठेवताय. याला साधना वगैरे म्हणू नका, हा भित्रेपणा आहे.

येत्या रविवारी एक चित्र उचला. सगळ्यात चांगलं शोधत बसू नका, आदल्या रात्रीचं घ्या. खाली जाऊन बेल वाजवा. 'फारसं जमलं नाहीये हं' हे तोंडातून येता कामा नये. बाईंनी ठेवून घेऊ का विचारलं, तर हो म्हणा.

मुलाबद्दल त्यानंतर लिहा. तेव्हा वाचेन.