सिंहगड चढायचाय ना, मग हे वाच

अरे, मेसेज वाचला तुझा. दमा आहे तर सिंहगड चढू की नको म्हणतोयस. चढ की! मलाही लहानपणापासून आहे, आणि ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफलाही आहे, तिने २००३ ला लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदात मारली, त्यामुळे "तुला झेपणार नाही" म्हणणाऱ्या काकू लोकांचं मनावर घेऊ नकोस. फक्त आधी डॉक्टरांना भेट, आणि रोजचा स्टिरॉइडचा पंप बुडवत असशील तर तूर्त गडाचं नावही काढू नकोस.

आता मेन गोष्ट. चढावर धाप लागली की वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून आपण अजून अजून आत ओढत बसतो, पण दम्यात श्वासनळ्या आवळलेल्या असतात, आतली हवाच नीट बाहेर निघत नाही, ती साठत जाते, छाती फुगून घट्ट होते, मग नवीन हवेला जागा कुठे? म्हणून लक्ष सोडण्यावर ठेव. नाकातून दोन पावलं आत, मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार पावलं बाहेर, जोर न लावता. चार जमत नसतील तर तीन. खांदे कानाला भिडलेत का बघ, भिडतातच, खाली सोड. आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर स्पीड जास्त झालाय, बाकीचे जाऊ देत पुढे.

पायथ्याच्या आतकरवाडीत गाडीतून उतरल्या उतरल्या सुटायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर निळा पंप (नळ्या पटकन मोकळ्या करणारा, रोजचा नव्हे) चढाच्या पंधराएक मिनिटं आधी घे (हलव, श्वास पूर्ण सोड, दाबताना सावकाश ओढ, दहा सेकंद धर, स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, असला तर बेस्टच) आणि मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं रमतगमत चाल. थंडीतली पहाट असेल तर नाकातोंडावर रुमाल बांध, गार कोरडी हवा नळ्यांना चिडवते. पंपाची सवय लागते वगैरे बकवास आहे, पण निळा सारखा सारखा लागायला लागला तर दमा कंट्रोलमध्ये नाही असं समज आणि डॉक्टर गाठ.

अनुलोम-विलोम घरी निवांत कर, बरं वाटतं, पण त्याने नळ्यांची सूज जात नाही, औषध चालूच ठेवायचं. आणि धाप लागलेली असताना कपालभाती? अजिबात नको.

वर पोचल्यावर गाफील राहू नकोस हं, खूपदा त्रास थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो. त्यात पिठलं-भाकरीच्या चुलींचा धूर, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून लांब बस. घरघर सुरू झाली तर पुढे वाकून कोपर गुडघ्यांवर टेकव, श्वास लांब सोड, निळा पंप घे. पंपाने फरक पडत नसेल, वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळे पडायला लागले तर कुणाला ऑकवर्ड वाटेल का हा विचार करत बसू नकोस, गाडीरस्ता वरपर्यंत येतो, सरळ हॉस्पिटल गाठायचं.