जबडा 2029 पर्यंत थांबणार नाही

प्रश्न: वय 41, राहणार जुळे सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, हातात 38,000 पडतात. पत्नी घरीच असते. मुलगी 12 वर्षांची. तिचे वरचे दात पुढे आहेत आणि खालचा जबडा मागे. सात रस्त्याजवळचे ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात-जबडा सरळ करणारे डॉक्टर) म्हणतात, आत्ता प्लेट, नंतर तारा, सगळे मिळून 60,000. पुण्यात एका काउंटरवर न दिसणारे अलायनर (दातांवर बसवायचे पारदर्शक साचे) रोखीने 1,85,000 ला आहेत, किंवा 'नो कॉस्ट' ईएमआयवर 8,999 चे 24 हप्ते. मेहुणा विमा एजंट आहे. त्याच्याकडून 2019 मध्ये मुलीच्या नावाने 15 वर्षांची पॉलिसी घेतली, वर्षाला 48,000. तिचा मनीबॅकचा 1 लाख 2029 मध्ये येईल. तोवर थांबून अलायनर करावेत, की आत्ताच ईएमआय घ्यावा? 3 लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यातून काही मिळेल का? पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आणि अलायनरचे कोटेशन जोडले आहे. तिचे दात तरी चांगले राहावेत. माझे गेलेच, कारखान्यात सगळेच तंबाखू खातात.

उत्तर: मेडिक्लेममधून काही मिळणार नाही. अपघातात जबडा मोडला तर गोष्ट वेगळी. एरवी दातांच्या तारा पॉलिसीत बसत नाहीत. ती आशा सोडा.

आता 'नो कॉस्ट'. 8,999 गुणिले 24 म्हणजे 2,16,000 च्या जवळ. रोखीने 1,85,000. वरचे 31,000 कशाचे? व्याजाचेच, वर्षाला पंधरा टक्क्यांच्या पुढचे. शिवाय कर्ज फायनान्स कंपनीचे, इलाज दुसऱ्याचा. मुलीने महिन्याभरात अलायनर डब्यात टाकून दिले तरी हप्ता 24 महिने कापला जाणार. अलायनर दिवसाला 20-22 तास तोंडात ठेवावे लागतात. सातवीतल्या पोरीचा डबा, ट्यूशन, मैत्रिणी, गड्ड्याची जत्रा हे सगळे डोळ्यांसमोर आणा आणि मग सही करायची का ते ठरवा.

मी दातांचा डॉक्टर नाही, पण एवढे नक्की सांगतो की तुमचा प्रश्न नुसत्या दातांचा नाही, जबड्याचा आहे. खालचा जबडा मागे असेल तर प्लेटचा उपयोग होतो तो मूल वाढत असताना, आणि मुलींची ही वाढ मुलांच्या आधी आटोपते. साध्या अलायनरने दात हलतात, जबडा पुढे येत नाही. जबड्यासाठीची खास रचना असलेले अलायनरही निघाले आहेत, पण तुम्ही पाठवलेल्या कोटेशनात तसले काही दिसत नाही. त्यात तर चेहऱ्याच्या बाजूने काढायच्या एक्स-रेचाही उल्लेख नाही. तोंडात स्कॅनर फिरवला, स्क्रीनवर हसरा चेहरा दाखवला आणि ईएमआयचा फॉर्म पुढे केला. 2029 मध्ये मुलगी 15 वर्षांची असेल. तेव्हा प्लेटची वेळ बहुधा निघून गेलेली असेल. मग दात मागे ओढून फरक झाकायचा, नाहीतर वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया करायची. शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत, आणि त्याच्या आधी-नंतर तारा लागतातच. म्हणून 60,000 वाला रस्ता धरा. मन खात असेल तर बाजूचा एक्स-रे घेऊन दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टला किंवा एखाद्या डेंटल कॉलेजच्या विभागात दाखवा. तिथे खर्चही कमी येतो. तारा झाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर लागतो, तो 60,000 मध्ये धरलाय का तेही विचारून घ्या.

दातांचे इथे संपले. फोटो बघून मी जास्त वेळ थांबलो तो दुसऱ्याच ठिकाणी.

पहिल्या पानावर 'विमेदार' या रकान्यात मुलीचे नाव आहे. तुमचे नाव 'प्रस्तावक' म्हणून, म्हणजे पैसे भरणारा. खाली प्रीमियम माफीच्या रायडरपुढे, म्हणजे जोडकलमापुढे, आडवी रेघ. याचा अर्थ असा की उद्या तुम्हाला काही झाले तर कंपनी घरी एक रुपया देणार नाही, उलट तुमच्या पत्नीने दरवर्षी 48,000 भरत राहायचे. ज्या 12 वर्षांच्या पोरीवर घरात कुणाचे पोट अवलंबून नाही तिचा विमा आहे, आणि जो कमावतो तो उघडा. पगार 21,000 च्या वर, म्हणून ईएसआय (कामगार राज्य विमा) पण नाही. पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतचा विमा जास्तीत जास्त 7 लाख. एवढ्यात घर किती दिवस चालेल?

मेहुण्यांनी पंधरा वर्षांत 7,20,000 भरायला लावून परत किती येतील म्हणून सांगितले? तुमच्या कागदावर पेनाने लिहिले आहे, 2029 ला 1 लाख आणि 2034 ला 'अंदाजे 9 लाख'. तो अंदाज खरा ठरला असे धरले तरी परतावा साडेचार टक्क्यांच्या आत. हेच हप्ते आजच्या 7.1 टक्क्यांनी पीपीएफमध्ये धरले तर 13 लाख होतात. 2019 मध्ये मुलगी 5 वर्षांची होती, तेव्हा सुकन्या समृद्धीला आठ टक्क्यांच्या वर व्याज होते. ते खाते मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावे लागते. आता ते दार बंद झाले. याचा मला खरोखर राग येतो, कारण पोस्ट ऑफिस तुमच्या घरापासून लांब नव्हते आणि मेहुण्यांना सुकन्या माहीत नव्हती असे मला वाटत नाही. फक्त तिच्यावर कमिशन नाही.

सात हप्ते गेले, 3,36,000. आता पुढचा भरू नका. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर 2034 ला किती. पेड-अप केल्यावर 2029 चा मनीबॅक मिळणार का, तेही लिहून घ्या. माझा कल पेड-अपकडे आहे, पण आकडे बघून ठरवा. एरवी मी लोकांना सांगतो, नवा विमा हातात येईपर्यंत जुना मोडू नका. तुमच्या बाबतीत ती भीती नाही, कारण जुन्यात तुम्ही नव्हताच.

सुटलेले 48,000 म्हणजे महिन्याला 4,000. ऑर्थोडॉन्टिस्ट 10,000 आधी आणि मग दरमहा 2,000 घ्यायला तयार असतात, विचारून बघा. पंचवीस महिन्यांत 60,000 फिटतात, बिनव्याजी. उरलेल्या 2,000 मध्ये तुमच्या स्वतःच्या नावावर 75 लाखांचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा), साठीपर्यंतचा. तंबाखू न खाणाऱ्याला तो वर्षाला 15,000 ते 20,000 मध्ये बसावा.

मेहुण्यांशी वाकडे घेऊ नका. घरी बोलवा, शेंगापोळी खाऊ घाला. 'ही बंद करून आमचीच नवी घ्या' म्हणाले तर आणखी एक पोळी वाढा, पण कागदावर सही नको.

आणि टर्मच्या अर्जात तंबाखूचा रकाना येईल. 'कारखान्यात सगळेच खातात' असे तुम्ही मला लिहिलेत. त्या 'सगळ्यांत' तुम्ही येता की नाही ते कंपनीला खरे सांगा, हप्ता दीडपट झाला तरी चालेल.