रात्री छातीत होणारी जळजळ

प्रश्न : माझे वय ४६ आहे. इतवारीत दुकान असल्याने रात्रीचे जेवण साडेदहाला होते आणि आठवड्यातून दोनदा सावजी मटण असते. आडवे होताच छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते. रोज ॲन्टासिड घ्यावे काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अन्ननलिका जठराला मिळते तेथील झडपेसारखा स्नायू सैल पडला की जठरातील आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेचे नाजूक अस्तर पोळते. सावजीच्या तिखटापेक्षा मला त्यावरील तेलाचा तवंग अधिक दोषी वाटतो, कारण स्निग्ध अन्न जठरात बराच वेळ रेंगाळते आणि त्याच अवस्थेत आडवे झाल्यास आम्लाला वाट मोकळी मिळते. जेवण व झोप यांत ३ तासांचे अंतर हवे. दुकानदाराला हे अवघड आहे याची जाणीव आहे, तरी डबा दुकानातच मागवता येईल. केवळ उशा न वाढवता पलंगाची डोक्याकडील बाजू ६ इंच उंच करावी. ॲन्टासिडचा आराम तात्पुरता असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅन्टोप्राझोलसारखे आम्लनिर्मिती कमी करणारे औषध न्याहारीपूर्वी अर्धा तास, साधारण ४ ते ८ आठवडे घ्यावे लागते. घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचास काळी होत असेल, तर एन्डोस्कोपी (दुर्बिणीतून अन्ननलिका व जठराची तपासणी) लांबवू नये. जळजळीसोबत घाम वा धाप असल्यास मात्र ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते; आम्लपित्त समजून घरी थांबू नका, तत्काळ रुग्णालयात जा.