जपानी इम्पोर्टेड गाडीत साधं पेट्रोल चालेल का?

आधी टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर बघा. जपानमध्ये महागड्या पेट्रोलला 'हायओकु' म्हणतात, म्हणजे हाय ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटू न देण्याची ताकद. तिथल्या मानकात साधं पेट्रोल किमान 89 आणि हायओकु किमान 96 ऑक्टेनचं असतं. स्टिकरवर साधं लिहिलं असेल तर आपलं पंपावरचं नेहमीचं पेट्रोल ऑक्टेनच्या दृष्टीनं पुरतं. उगाच जास्तीचे पैसे घालू नका, त्यानं ताकद वाढत नाही.

तुमची गाडी टर्बो असेल, म्हणजे इंजिनात दाबानं जास्त हवा भरणारी, तर ती बहुतेक हायओकुवालीच. तिला 97 किंवा 100 चंच घाला. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटू न देण्याची ताकद. ऑक्टेन कमी पडलं की गगनबावड्याचा घाट चढताना, खालच्या आरपीएमला एक्सलेटर दाबला की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज येतो. तो ऐकला की लगेच पाय काढा, गिअर उतरवा. दुर्लक्ष केलं तर पिस्टन जातो. ही टकटक ओळखणारा नॉक सेन्सर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागं घेतो खरं, पण त्यालाही मर्यादा आहे.

दुसरं, गाडी जुनी असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल सोसतील का ते बघायला रबरी पाइप आणि सील तपासून घ्याच. नुसत्या जास्त ऑक्टेननं ते वाचत नाहीत.