वाचकांचे प्रश्न : बोटावर ९४ टक्के, तरी रक्त कशासाठी?

प्रश्न : माझे वडील लातूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ९४ टक्के दिसत असताना डॉक्टर मनगटातून पुन्हा पुन्हा रक्त का घेतात? — एक वाचक, औसा

उत्तर : तो चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, रक्त प्रत्यक्ष तपासत नाही, तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून पाठवून, नाडीच्या ठोक्यागणिक कोणता किती शोषला गेला यावरून तो अंदाज बांधतो. मात्र रक्तदाब खालावून हातपाय गार पडले की बोटातील नाडी क्षीण होते आणि आकडा भरकटतो. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्तही दिसू शकतो. आपल्याकडे याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. मनगटाच्या धमनीतील रक्तातून ऑक्सिजनबरोबरच कार्बन डायऑक्साइड आणि रक्ताची आम्लताही कळते. रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास थकत चालल्यामुळे साचणारा कार्बन डायऑक्साइड ९४ च्या आड लपून राहतो आणि चिमट्याला तो कधीच दिसत नाही. व्हेंटिलेटरमध्ये कोणते बदल करायचे, हे ठरवताना डॉक्टरांना याच तपासणीचा मोठा आधार असतो. वडिलांची बोटे गार लागली, तर परिचारिकेला तेवढे जरूर सांगावे.