आधी माळ राखा, मग रोपं आणा

प्रश्न : सिन्नरच्या पूर्व भागात आमचं पाच एकर चराऊ माळरान आहे. तिथं देशी जंगल वाढवायचंय. एकरी किती रोपं लावू?

उत्तर : यंदा एकही रोप विकत घेऊ नका. ऑगस्टमध्ये माळावर वाकून फिरा. बोर, हिवर, खैर, पळस, हेंकळ यांची घोट्याएवढी खुरटी झुडपं दिसतील. एखाद्याचा पाला बाजूला सारून बुंधा बघा : वर वीतभर फुटवा आणि खाली मनगटाएवढा थोंब, म्हणजे जुन्या झाडाचा जमिनीतला जाड बुडखा. झाड जुनंच आहे, शेळ्या शेंडा खुडतात म्हणून ते वर येत नाही. त्याची मुळं जितकी खोल गेलीत, तिथवर पोहोचायला पिशवीतल्या रोपाला कित्येक वर्षं लागतील.

दहा बाय दहा मीटरचे पाच-सहा चौकोन दोरीनं आखा आणि जिवंत थोंब मोजा. सरासरीला १०० नं गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. चौकोनात चार-पाच थोंब निघाले, तर हेक्टरी ४००-५०० झाडं जमिनीत तयार आहेत. त्यांना फक्त चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हवी. पहिलं वर्ष छाटणी नको, कारण पालाच मुळांना पोसतो. दुसऱ्या हिवाळ्यात प्रत्येक थोंबावर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं तिरपे छाटा आणि काटेरी फांट्या भोवतीच रचा.

उरलेल्या मोकळ्या जागेतच बी टोका. बाभळीचं बी टणक असतं. उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. फुगलेलं तेवढं टोका, न फुगलेल्याला पुन्हा तेच करा. शेळ्यांच्या वाड्यात शेंगा खाल्ल्यावर पडलेलं बी मिळालं, तर फारच उत्तम. ते चांगलं उगवतं.

प्रश्न : चांदवडजवळच्या उतारावर चर खणले, पण पहिल्याच मोठ्या पावसात फुटले. काय चुकलं?

उत्तर : पातळी. नजरेनं आखलेला चर एका टोकाला खोल उतरतो, सगळं पाणी तिथं जमतं आणि तिथूनच घळ पडते. ए आकाराची लाकडी चौकट करून तिला ओळंबा लावा आणि पाऊल-पाऊल समपातळी रेषा आखा. चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल पुरे. माती खालच्या अंगाला टाका. सलग न खणता चार-पाच मीटरचे तुकडे ठेवले, तर एक फुटला तरी बाकीचे वाचतात. वाटेत थोंब आला की तिथं चर थांबवा. जेसीबीनं सरसकट खणाल, तर जी मुळं राखायची तीच उपटून टाकाल.

प्रश्न : येवल्यात कार्बन क्रेडिटची, म्हणजे झाडांनी आणि मातीनं साठवलेल्या कार्बनच्या मोबदल्याची, बोलणी चालू आहेत. हिशेब कसा करतात?

उत्तर : सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन धरतात, त्याला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइड. हेक्टरी दहा टन सुकं लाकूड वाढलं, तर सुमारे १७ टन. मातीचंही मोल मोठं आहे : मातीची घनता १.३ (ग्रॅम प्रति घन सेंमी) असेल, तर वरच्या ३० सेंमी थरात सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढणं म्हणजे हेक्टरी ३.९ टन कार्बन. म्हणून कामाआधीच नमुने घ्या, जागा खुणावून ठेवा आणि पुढचे नमुने त्याच जागी, त्याच महिन्यात काढा. सुरुवातीची नोंद नसेल, तर वाढ सिद्धच होत नाही.

पाच-दहा एकरांवर पडताळणीचा खर्च परवडत नाही, गावानं एकत्र यावं. करारात तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही नको : मुदत किती, वणव्याचं नुकसान कोणाचं, आणि गवत कापायचा हक्क राहतो का.

प्रश्न : गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) भराभर वाढतं. माळावर लावू का?

उत्तर : शेताच्या बांधावर लावा, हिरवळीचं खत मिळेल. माळावर नको.

प्रश्न : नांदगावकडच्या आमच्या माळावर थोंब सापडलेच नाहीत, नुसतं गवत आहे. खड्डे घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत टिकून असेल, तर तो माळ उजाड नाही, ते अस्सल गवताळ रान आहे. येवल्यातल्या ममदापूरची काळवीटं अशाच रानावर जगतात. गवताचा बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो, त्यामुळे वणवा लागला तरी तो बराचसा शाबूत राहतो. खड्डे खणून मात्र आपणच तो उघडा पाडतो. माळाचे तीन भाग करा, दरवर्षी एक भाग आळीपाळीनं पूर्ण बंद ठेवा. बी गळल्यावर, नोव्हेंबरात, विळ्यानं गवत कापा आणि जानेवारीआधी कडेनं वणवा अडवायला तीन मीटर रुंद जाळपट्टा साफ करा.