आवाज जाड करायचा की मोकळा?

प्रश्न : मी सांगलीत बारावी सायन्सला आहे. एकांकिकांत काम करते, पुढे व्हॉइसओव्हर करायचंय. 'तुझा आवाज बारीक आहे, चालणार नाही' असं एकांनी सांगितल्यापासून रोज पहाटे तासभर आवाज खाली दाबून खर्ज लावते. दीड महिना झाला. आवाज भारदस्त व्हायचं राहिलं बाजूला, रोज संध्याकाळी बसतोच. व्यायाम कमी पडतोय का? आईला तर हे सगळं खूळच वाटतं.

उत्तर : कमी पडत नाहीये, चुकतोय. तो पहाटेचा तास आजपासून बंद. आवाजाची तक्रार दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिली की कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यायचं असतं, आणि तुझा दीड महिना उलटलाय. ताणाने स्वरतंतूंना सूज येते, कधी बारीक गाठीही धरतात. घाबरू नकोस, अशा बऱ्याच गाठी विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने विरतात. पण आधी निदान, मग रियाज.

आता 'बारीक' आवाजाचं. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, बायकांचे २०० च्या आसपास. हे मुख्यतः तंतूंच्या लांबी-जाडीवर ठरतं आणि व्यायामाने लांबी वाढत नाही. मग बदलतं काय? श्वास पुरतो. तंतू नीट मिटायला लागले की आवाजातली फुसफुस कमी होते, मानेची ओढ सुटते, आणि तोच आवाज घशा-तोंडाच्या पोकळीत जास्त घुमतो. पट्टी तीच, पण ऐकणाऱ्याला भरीव वाटतो. गवईसुद्धा खर्ज भरतात तो गळा सैल सोडून, आपापल्या पट्टीत. तू करतेस तो खर्ज नव्हे, गळ्याशी कुस्ती आहे.

डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, तर सरबताची नळी ओठांत धरून 'ऊ' लाव आणि सूर खालून वर, वरून खाली घसरू दे. नळीमुळे हवेचा दाब थोडा मागे राहतो आणि तंतू एकमेकांवर कमी जोराने आदळतात. लहान मुलं गाडी चालवताना ओठ फुरफुरवतात ना, तेही उत्तम. पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बस. दुखलं की थांबायचं. आणि ते सारखं खाकरणं सोड, त्यापेक्षा घोटभर पाणी पी.

बारीक आवाज चालत नाही, हे मला मुळीच पटत नाही. कार्टूनचं डबिंग आहे, मुलांच्या गोष्टी आहेत, ऑडिओबुकं आहेत. तिथे अडतं ते वाचनाशी. 'चंद्र' आणि 'चांदणं' यांतले दोन 'च' वेगळे येतात का तुझ्या तोंडून? रोज एक अग्रलेख मोबाइलवर वाचून रेकॉर्ड कर आणि आठवड्याने ऐक. पहिल्यांदा लाज वाटेल, सगळ्यांनाच वाटते.

या क्षेत्रात सुरुवातीला पैसा बेभरवशाचा असतो, म्हणून हाताशी पदवी हवीच. सायन्सला आहेस तर बीएएसएलपी (बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी) हा अभ्यासक्रम बघ. इंटर्नशिप धरून चार वर्षांचा असतो. बोलणं, ऐकणं आणि आवाज यांच्या उपचारांचंच हे शास्त्र. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो शिकवतात. आवाजाची नोकरीही होईल आणि आवाजाचं कामही.

दवाखान्यात जाताना आईला सोबत घेऊन जा. स्वरतंतू पडद्यावर हलताना तिलाही बघू देत.